भरल्या ताटापुढील उपवास : विद्यार्थ्यांमधील आहारविकार

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या व नवीन उपकरणे यांच्या माहितीबरोबरच आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाचा परिचय करून द्यावा, अशी प्रथा आहे. यंदा त्यासाठी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांमध्ये आढळणाऱ्या आहारविकारांचा विषय निवडला आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे व रुग्णालयाचे व्यवस्थापन पाहतो. त्यामुळे या लेखात औषधयोजना सापडणार नाही. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांना समजेल अशा भाषेत या आजाराची ओळख करून द्यावी आणि तो वेळीच लक्षात यावा यासाठी काय करता येईल ते सांगावे, एवढाच लेखाचा हेतू आहे.

अन्नाच्या अभावाने होणारे कुपोषण विदर्भाला नवे नाही. मेळघाटातील बालकांच्या मृत्यूंनी १९९० च्या दशकात सबंध महाराष्ट्राला अस्वस्थ केले. १९९५ साली देशभर शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. आज ती ‘पीएम पोषण’ या नावाने चालते. मूल वाळले म्हणजे त्याला पुरेसे खायला मिळत नसावे, ही आपली समजूत या अनुभवातून आली आहे आणि बहुतेक वेळा ती बरोबरच असते. परंतु घरात धान्य आहे, आईने डबा भरून दिला आहे, मेसचे पैसे भरलेले आहेत आणि तरीही मुलगा किंवा मुलगी खात नाही, अशी परिस्थितीही असते. हा हट्ट, नखरा किंवा फॅशन नाही. वैद्यकशास्त्राने मान्य केलेला हा आजार आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

आहारविकार म्हणजे काय?

खाणे, वजन व शरीराची ठेवण यांविषयीचे विचार मनाचा ताबा घेतात, त्यामुळे खाण्याची रीत बिघडते आणि शरीर, शिक्षण व नातेसंबंध यांची हानी होऊ लागते, तेव्हा त्या अवस्थेला आहारविकार म्हणतात. त्याचे तीन प्रकार प्रमुख आहेत.

पहिला प्रकार अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. यात रुग्ण आपले खाणे सतत कमी करीत जातो, वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते, तरीही आपण आजारी आहोत हे त्याला पटत नाही. दुसरा बुलिमिया नर्व्होसा. यात थोड्या वेळात आवरता न येण्याइतके खाल्ले जाते आणि मग अपराधी भावनेने ते अन्न शरीराबाहेर टाकण्याचा, कडक उपवासाचा किंवा अतिव्यायामाचा मार्ग धरला जातो. या रुग्णाचे वजन पुष्कळदा सामान्य असते, त्यामुळे घरातील कोणालाही शंका येत नाही. तिसऱ्या प्रकारास बिंज ईटिंग डिसऑर्डर असे नाव आहे. त्यात अनावर खाण्याचे झटके येतात, पण नंतर भरपाईची धडपड नसते. लाज व एकटेपणा मात्र असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ साली या तिसऱ्या प्रकाराला स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले.

यांतील पहिला आजार आधुनिक राहणीतूनच उपजला, असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील रिचर्ड मॉर्टन या वैद्याने १६८९ साली अशा रुग्णांचे वर्णन केले होते. पॅरिसमधील शार्ल लासेग व लंडनमधील विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे मांडला आणि गल यांनी दिलेले नाव आजतागायत चालत आले. बुलिमियाचे शास्त्रीय वर्णन मात्र बरेच अलीकडचे. ते लंडनचे डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केले.

आपल्याकडे हा आजार ओळखू का येत नाही?

हा पाश्चात्त्यांचा किंवा महानगरांतील श्रीमंतांचा आजार आहे, असे अनेकांना वाटते. भारतातील डॉक्टरांचा अनुभव तसा नाही. चेन्नईतील वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये खाण्याविषयीची तीव्र अस्वस्थता १९९० च्या दशकातच नोंदली गेली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुण स्त्री-रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. बंगळूरमधील मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश डॉक्टरांनी आपण आहारविकाराचा किमान एक रुग्ण पाहिल्याचे सांगितले.

दिल्लीतील पाच रुग्णांची हकीकत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. अन्न नाकारणे, वारंवार उलट्या, वजनात मोठी घट आणि पाळी बंद होणे ही लक्षणे त्यांच्यात होती. परंतु आपण जाड आहोत, जाड होऊ, ही पाठ्यपुस्तकात सांगितलेली भीती त्यांच्या बोलण्यात नव्हती. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सिंग ली यांनाही हेच आढळले होते. त्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील ७० रुग्णांपैकी ४१ जणांनी जाडीची भीती असल्याचे सांगितले नव्हते. ‘पोट गच्च वाटते’, ‘भूकच लागत नाही’, ‘घशाखाली उतरत नाही’ अशा स्वरूपाच्या त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्या बाह्यरुग्ण विभागातही याच शब्दांत सांगितलेल्या तक्रारी येतात. साहजिकच उपचारही आम्लपित्तावर, जंतांवर किंवा अशक्तपणावर सुरू होतात.

दुसरी अडचण रक्तक्षयाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता. चक्कर येणारी, थकलेली मुलगी इतकी नेहमीची झाली आहे की लोहाच्या गोळ्या देऊन आपण मोकळे होतो. गोळ्या द्यायलाच हव्यात. पण त्याबरोबर वजन मागील तपासणीपेक्षा उतरले आहे काय, हा प्रश्नही विचारायला हवा.

तिसरी अडचण उपवासाची. आपल्याकडे उपवासाला प्रतिष्ठा आहे. एकादशी, चतुर्थी, हरितालिका, नवरात्र यांनिमित्त उपवास करणाऱ्या मुलीचे घरात कौतुकच होते. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत या उपवासांत काही गैर नाही. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांचा १९८९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात बोधप्रद आहे. डॉ. भुग्रा यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि पुढे ते जागतिक मानसोपचार संघटनेचे अध्यक्ष झाले. पाश्चात्त्य देशांत तयार झालेली प्रश्नावली उत्तर भारतातील शाळकरी मुलींना दिली असता अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मुली ‘धोक्याच्या’ गटात आल्या. बारकाईने पाहता, अन्नाविषयीचा संयम व उपवास यांसंबंधीच्या काही प्रश्नांचा अर्थ या मुलींनी आपल्या चालीरीतींनुसार घेतला होता, असे दिसून आले. तेव्हा उपवास करणारी प्रत्येक मुलगी आजारी समजणे चूक आहे. याची दुसरी बाजूही आहे: जिला खायचेच नाही, तिला उपवासाचे कारण आयते मिळते. यातला फरक ओळखण्याची खूण साधी आहे. व्रताचा उपवास ठरलेल्या दिवशी असतो, तो सुटतो आणि पारण्याला मनुष्य आनंदाने जेवतो. आजाराचा उपवास वाढत जातो आणि पारण्याचा दिवस जवळ आला की रुग्ण बेचैन होतो.

हे सर्व एकत्र कसे येते, ते समजावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ; हे कोणा एका रुग्णाचे वर्णन नाही. मौद्याजवळच्या गावातील एक हुशार मुलगी दहावीला चांगले गुण मिळवून शिकवणीसाठी नागपूरला जाते. वसतिगृहात राहते, मेसचे जेवण आवडत नाही म्हणून रात्रीचे जेवण सोडते. मैत्रिणी म्हणतात, ‘बारीक झालीस, छान दिसतेस.’ मग सकाळचा नाश्ता सुटतो. दिवाळीत घरी आल्यावर आजी म्हणते, ‘पोरीनं अभ्यासाचं टेन्शन घेतलंय.’ संक्रांतीपर्यंत पाळी थांबलेली असते. आईला वाटते, पाणी बदलल्यामुळे असेल. उन्हाळ्यात मुलगी वर्गात चक्कर येऊन पडते. या आठ-दहा महिन्यांत कोणीही वाईट वागलेले नाही. प्रत्येकाने सुचेल तसे कारण शोधले आणि प्रत्येक कारण पटण्याजोगे होते. सर्वांच्या नोंदी एकत्र करून पाहणारे मात्र कोणी नव्हते.

धोका कशामुळे वाढतो?

या आजाराला एकच एक कारण नसते. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे. सर्व काही अचूकच व्हावे असा आग्रह, चिंताग्रस्त स्वभाव, घरातील ताणतणाव, शरीरावरून झालेली चेष्टा यांनीही भर पडते. वय साधारणतः १२ ते २५ या दरम्यानचे असते; शरीर झपाट्याने बदलण्याचा आणि परीक्षा, प्रवेश व घराबाहेर पडण्याचा हाच काळ असतो.

समाजात दिसणाऱ्या प्रतिमांचा परिणाम किती होतो, याचे उत्तम उदाहरण फिजी बेटांचे आहे. तेथे अंगाने भरलेली व्यक्ती सुदृढ व सुखवस्तू मानली जात असे. १९९५ साली तेथील एका प्रांतात दूरचित्रवाणी पोहोचली. हार्वर्ड विद्यापीठातील डॉ. अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी व पुन्हा १९९८ साली तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत धोक्याची पातळी ओलांडणाऱ्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. दोन्ही पाहण्या लहान होत्या, हे खरे. तरी त्यांचा इशारा स्पष्ट आहे.

आपल्या तालुक्यात दूरचित्रवाणी पूर्वीच आली होती, पण ती घरातल्या सर्वांची मिळून एक असे. २०१६ नंतर मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आला. नागपूर-भंडारा महामार्गावरील एसटीत बसलेला विद्यार्थी आज जे चित्र पाहतो, तेच चित्र मुंबईतील किंवा परदेशातील विद्यार्थीही पाहतो. वजन घटविण्याचे अघोरी सल्ले तेथे कोणीही देतो. सल्ला देणाऱ्याची पदवी कोणी विचारीत नाही.

मुलांनाही हा आजार होतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांच्यात तो अनेकदा बारीक होण्याऐवजी पीळदार दिसण्याच्या ध्यासातून सुरू होतो: व्यायामशाळेत तासन्‌तास घालवणे, मोजून-मापून ठरावीकच पदार्थ खाणे, पावडरींचे डबे, एक दिवस व्यायाम चुकला तरी होणारी तगमग. भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलामुलींचा सराव कौतुकास्पदच आहे. मात्र धावणे वाढत असताना जेवण कमी होत असेल, तर लक्ष द्यावे.

घरात सहज उच्चारल्या जाणाऱ्या ‘ढोली’, ‘हत्ती’, ‘काडी’, ‘सुकट’ अशा संबोधनांचाही विचार व्हावा. बोलणारा ते विसरतो. ऐकणारा वर्षानुवर्षे विसरत नाही. लग्नाच्या बोलण्यांत मुलीच्या अंगकाठीवर होणारी चर्चाही त्यातलीच.

उपासमारीने शरीर व मन यांचे काय होते?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली डॉ. अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. दुसऱ्या महायुद्धातील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे समजून घेणे हा त्याचा उद्देश होता. ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहणे मान्य केले. त्यांच्यापैकी कोणालाही आहारविकार नव्हता. तरीही काही आठवड्यांत ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके चाळू लागले, एकेका घासावर वेळ घालवू लागले. ते चिडचिडे व उदास झाले, मित्रांपासून दूर राहू लागले; त्यांच्या नाडीचे ठोके मंदावले. भरपूर अन्न मिळू लागल्यावरही त्यांतील अनेकांचे खाणे बराच काळ ताळ्यावर आले नाही.

पालकांनी हा प्रयोग मुद्दाम ध्यानात ठेवावा. ‘आमची मुलगी अशी नव्हती, आता फार हट्टी व तुसडी झाली आहे’, असे जे म्हटले जाते, त्यातील पुष्कळसा भाग उपासमारीचा परिणाम असतो. तिचा स्वभाव बदललेला नसतो. तिच्या मेंदूला पुरेसे अन्न मिळत नसते.

शरीराची हानी जमाखर्चाच्या भाषेत सांगायची तर, उत्पन्न थांबले की शरीर आधी शिल्लक मोडते आणि मग भांडवलाला हात घालते. चरबी संपते, स्नायू झिजू लागतात. हृदय हाही स्नायूच आहे. नाडी व रक्तदाब उतरतात, हातपाय थंड पडतात, केस गळतात, अंगावर बारीक लव येते, मुलींची पाळी थांबते. हाडांची बळकटी मुख्यतः किशोरवयातच साठवली जाते. त्या वेळी राहिलेली तूट पुढे पूर्ण भरून निघेलच असे नाही. वारंवार उलट्या होत असतील तर रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय अचानक बिघडू शकते. दातांचे कवच झिजते. त्यामुळे काही वेळा दंतवैद्यालाच प्रथम शंका येते.

२०११ साली ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या सुमारे सहापट आढळले आणि मृत्यू पावलेल्या दर पाच रुग्णांपैकी एकाने आत्महत्या केली होती. आपल्या देशातील ताजे उदाहरण केरळचे आहे. मार्च २०२५ मध्ये कन्नूर जिल्ह्यातील अठरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा रुग्णालयात मृत्यू झाला. वृत्तपत्रांतील माहितीनुसार, इंटरनेटवर पाहिलेल्या सल्ल्यांवरून तिने कित्येक महिने अन्न जवळजवळ सोडले होते आणि डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्सियाचा उल्लेख केला होता. तिचे कुटुंब गरीब किंवा निष्काळजी होते म्हणून हे घडले, असे समजून आपण निर्धास्त होऊ नये. असा आजार कोणत्याही घरात शिरू शकतो.

पालक व शिक्षकांनी कोणत्या खुणा पाहाव्यात?

१. कपडे सैल होणे; उन्हाळ्यातही अंग झाकणारे ढगळ कपडे घालणे.
२. ‘मी आधीच जेवले’, ‘मित्राकडे खाल्ले’ अशी कारणे वारंवार देणे. डबा भरलेलाच परत येणे किंवा संशयास्पद रीतीने रिकामा असणे.
३. पदार्थ एकेक करून वर्ज्य करणे: आधी तूप, मग भात, मग पोळी.
४. इतरांसाठी हौसेने स्वयंपाक करणे, पण स्वतः न खाणे.
५. जेवण होताच दर वेळी न्हाणीघरात जाऊन बराच वेळ लावणे. घरातील खाद्यपदार्थ रात्रीतून नाहीसे होणे.
६. सतत वजन करणे, आरशात पाहणे किंवा आरसा पूर्णपणे टाळणे.
७. पाळी अनियमित होणे वा थांबणे, चक्कर येणे, थंडी सहन न होणे.
८. सणसमारंभ, सहल, पंगत अशा एकत्र जेवणाच्या प्रसंगांना टाळाटाळ करणे.

यांपैकी एखादी खूण दिसली म्हणून घाबरू नये; अनेक खुणा एकत्र व काही आठवडे टिकून दिसल्या तर डॉक्टरांकडे जावे. इंग्लंडमध्ये १९९९ साली ‘स्कॉफ’ नावाची पाच प्रश्नांची सोपी चाळणी तयार झाली. मुद्दाम उलटी करणे, खाण्यावरचा ताबा सुटल्याची भीती, तीन महिन्यांत सुमारे सहा किलोंहून अधिक घट, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजणे आणि अन्नाने आयुष्य व्यापल्याची भावना, असे तिचे पाच विषय आहेत. दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आल्यास पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. जाडीची भीती न सांगणारे रुग्ण या चाळणीतून निसटू शकतात, हे मात्र आपल्याकडे विसरून चालणार नाही. म्हणून प्रश्नांबरोबरच उंची व वजनाची क्रमवार नोंद महत्त्वाची. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा होता. एका दिवशीच्या वजनापेक्षा या तक्त्यावरील रेषा खाली वळली काय, हे पाहणे अधिक उपयुक्त असते.

शाळेत वजन करताना एक पथ्य पाळावे. आकडा मोठ्याने वाचून दाखवू नये आणि फळ्यावर लिहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याअंतर्गत शाळांमधून होणारी तपासणी हे मोठे साधन आहे. त्या तपासणीतून मुलाच्या वाट्याला हशा येऊ नये, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी.

बोलावे कसे, वागावे कसे?

‘किती वाळलीस गं!’ किंवा ‘आता जरा अंग भरलं, बरं झालं’, ही दोन्ही वाक्ये रुग्णाला सारखीच टोचतात. वजनाऐवजी त्रासाविषयी बोलावे. ‘बाळा, तू हल्ली थकलेली दिसतेस, जेवताना तुला त्रास होतो असं मला वाटतं. आपण मिळून डॉक्टरांना भेटू’, असे आईने किंवा वडिलांनी शांतपणे म्हणावे. जेवणाच्या वेळी भांडण, शपथा, आमिषे व तुलना टाळाव्यात. ‘तुझ्यामुळे आईचं बीपी वाढलं’, असे म्हणून अपराधी भावनेत भर घालू नये. अंगारे-धुपारे, नवस यांत महिने घालवू नयेत. श्रद्धा असेल तर ती जपावी, पण उपचार थांबवू नयेत.

आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या रुग्णास ‘लवकर ताकद यावी’ म्हणून एकदम भरपूर खाऊ घालणे किंवा सरसकट ग्लुकोजची बाटली लावणे धोक्याचे आहे. असे केल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घटून हृदयावर ताण येतो व जीवही जाऊ शकतो. युद्धकैद्यांच्या सुटकेनंतर डॉक्टरांना हे प्रथम ठळकपणे दिसले. ‘बाटली लावा’ हा आग्रह नातेवाईक प्रेमापोटीच धरतात. परंतु अशा रुग्णाचा आहार किती व कसा वाढवावा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

उपचार व आशा

हा आजार बरा होऊ शकतो. उपचारात फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व समुपदेशक यांचा सहभाग असतो. पण किशोरवयीन रुग्णाच्या बाबतीत सर्वांत मोठे बळ घराचे असते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात कुटुंबाधारित उपचारपद्धती विकसित झाली. तिच्यात पालकांना दोष दिला जात नाही. काही काळ मुलाच्या जेवणाची जबाबदारी आईवडिलांकडे सोपवली जाते, प्रकृती सुधारेल तशी ती हळूहळू मुलाकडे परत दिली जाते आणि अखेरीस त्याच्या वयानुरूप इतर प्रश्नांकडे वळले जाते. डॉ. रसेल व सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्यांचा आजार १९ वर्षे वयाच्या आत सुरू झाला होता व तीन वर्षांहून कमी काळचा होता, अशा रुग्णांना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा विशेष लाभ झाल्याचे दिसले. दिरंगाई टाळण्याचा आग्रह आम्ही धरतो, तो यासाठीच. आपल्या एकत्र जेवणाच्या पद्धतीमुळे अशा उपचारास आपली घरे अधिक अनुकूल ठरावीत, असे वाटते.

मौदा परिसरातील कुटुंबांना पुढील उपचारासाठी नागपूर जवळ आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपले ‘मेडिकल’, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेयो’, तसेच मिहानमधील एम्स येथे मानसोपचार विभाग आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही केंद्र शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते व तेथे मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच वैद्यकीय विम्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. दावा भरताना नातेवाईकांनी हे लक्षात ठेवावे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांशी बोलताना पालकांना त्यांचा आधार घेता येईल.

न्यासाची जबाबदारी व एक विनंती

व्यवस्थापक या नात्याने या आजाराच्या खर्चाचा विचार केला असता एक गोष्ट स्पष्ट होते. त्याला महागडी यंत्रे फारशी लागत नाहीत. अचूक वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, रक्तदाब व नाडीची नोंद, ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेटची तपासणी, एवढ्यावर पहिली पारख होते. लागतो तो माणसांचा वेळ: मुलीशी एकांतात अर्धा तास बोलणारी समुपदेशिका, दर आठवड्याला नोंद ठेवणारी परिचारिका, शाळेत जाऊन शिक्षकांना माहिती देणारा डॉक्टर आणि पुढच्या भेटीस न आलेल्या कुटुंबास फोन करणारा कर्मचारी.

खाटेवर, खोलीवर किंवा यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते व ती लावताना आम्हास आनंदच होतो. समुपदेशिकेच्या अर्ध्या तासावर पाटी लावता येत नाही. ताळेबंदात ती रक्कम वेतनाच्या खात्यात जाते आणि वर्षअखेर तेथे दाखविण्याजोगी कोणतीही मालमत्ता उरत नाही. उरते ती एक मुलगी, जी पुन्हा घरच्यांबरोबर जेवायला बसू लागलेली असते. सन्माननीय देणगीदारांनी अशा अदृश्य खर्चाकडेही आपले दातृत्व वळवावे, आणि विश्वस्त मंडळाने येत्या अंदाजपत्रकात किशोरवयीनांच्या समुपदेशनासाठी स्वतंत्र तरतूद करण्याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांकडे मागणे याहून लहान आहे. दिवसातून एक वेळ सर्वांनी एकत्र जेवावे, त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवावा आणि कोणाच्या ताटात काय उरते यावर शेरा न मारता लक्ष असू द्यावे. शंका आल्यास संकोच न करता रुग्णालयात यावे. मूल जेवत नाही, एवढे कारण केसपेपर काढण्यास पुरेसे आहे.